वाया जाणारी धग
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



संत गोरोबाकाकांना वंदन करून आम्ही दोन शब्द बोलतो.

आमच्या वडिलांची वीटभट्टी होती. विटा भाजून झाल्यावरही कित्येक दिवस भट्टीची धग टिके आणि थंडीत सारी आळी तिच्याभोवती शेकत बसे. पुढे आम्ही शिक्षक झालो. ‘उष्णतेचे वहन’ हा धडा वर्षानुवर्षे शिकविला. परंतु ती धग म्हणजे वडिलांनी कर्ज काढून आणलेला कोळसाच होय, हा विचार आमच्या मनाला कधी शिवला नाही.

जर्मनीतील फ्रीडरिख हॉफमन यांना तो सुचला. १८५८ साली त्यांनी वर्तुळाकार भट्टीचे पेटंट घेतले. तीत विटा जागच्या जागी राहतात आणि आग पुढे सरकते. बाहेरची थंड हवा प्रथम भाजलेल्या विटांमधून येते. त्यांना निवविते व स्वतः तापून आगीस मिळते. धूरही कच्च्या विटांमधून जातो व आपली उष्णता त्यांना देऊन मगच धुराड्यात शिरतो. १८७६ साली बुल नामक ब्रिटिश अभियंत्याने हेच तत्त्व जमिनीतील चरात उतरविले. अलीकडच्या झिगझॅग भट्टीत हवा नागमोडी वाटेने खेळते, त्यामुळे जुन्या चराच्या भट्टीपेक्षा सुमारे पाचवा हिस्सा कोळसा वाचतो.

आपल्याकडे मात्र विटांचा ढीग रचून तो एकदाच पेटविण्याची रीत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. ढीग निवाला की उष्णता गेली. पुढच्या ढिगास पुन्हा नवा कोळसा. केंद्र सरकारनेही फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचना काढून भट्ट्यांना नव्या पद्धतीकडे वळण्यास सांगितले आहे.

कोणी म्हणेल, एकट्यादुकट्याला हे कसे झेपावे? आक्षेप रास्त आहे. पुढे सरकणाऱ्या आगीस पुढे कच्च्या विटा सतत तयार लागतात. एका कुटुंबाच्या विटा संपल्या की आग थांबते. परंतु पाच कुटुंबे एकत्र आली तर एकाच्या निवणाऱ्या विटा दुसऱ्याच्या कच्च्या विटांना तापवितील. म्हणून आमची समाजास विनंती आहे की, निदान एका तालुक्यात अशी एक सामाईक भट्टी उभी करावी आणि तिचा हिशेब पुढील मेळाव्यात सर्वांपुढे मांडावा.