जीवाणूंच्या गतीचा निकाल



विज्ञानशिक्षकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद मजकडे सोपविताना संयोजकांनी विषयाचे बंधन घातले नाही. त्या सवलतीचा फायदा घेऊन अभ्यासक्रम, परीक्षा आणि वेतनश्रेणी या नित्याच्या फिर्यादी आज बाजूस ठेवाव्या, आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जीवाच्या पोहण्याविषयी बोलावे, असे मी योजिले आहे.

डेल्फ्ट शहरातील कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक याने १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात पाण्यातील सूक्ष्म जीवांच्या लगबगीचे वर्णन केले. जीवाणू हालचाल करतात हे अशा रीतीने दफ्तरी दाखल झाले. परंतु ते कशाच्या बळावर चालतात, या मुद्द्याचा फैसला होण्यास पुढे जवळजवळ तीनशे वर्षे लागली. त्यांच्या अंगावरील शेपटीसारखे तंतू, म्हणजे कशाभिका, एकोणिसाव्या शतकातच दिसल्या होत्या, आणि त्या सर्पासारख्या लहरत असाव्यात असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. या समजुतीत मूर्खपणा मुळीच नव्हता. फिरणारा मळसूत्री तंतू बाजूने पाहिला असता त्यावरून लहर सरकत असल्याचाच भास होतो. शिवाय सजीवाच्या अंगात मोकळे फिरणारे चाक असले तर त्याला रक्त आणि संवेदना पोचविणाऱ्या वाहिन्या पिळवटून तुटतील, हा आक्षेप वाजवीच होता. जीवाणूला रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत, ही गोष्ट तेवढी हिशेबात धरावयाची राहून गेली होती.

१९७३ साली हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी या प्रकरणात जो निबंध लिहिला, त्याचे मला विशेष कौतुक वाटते ते अशासाठी की, त्याचा भर नव्या यंत्रसामग्रीवर नसून जुन्या नोंदींच्या चिकित्सक वाचनावर होता. कशाभिकांना परस्परांशी जखडणारी प्रतिपिंडे द्रवात मिसळली की जीवाणूचे पोहणे थांबते, हे ठाऊक होते. कशाभिका नुसत्या लहरत असतील, तर एकमेकींना बांधल्यावरही त्या एकदिलाने लहरू शकतील. पण प्रत्येकीला स्वतःच्या अक्षाभोवती फिरावयाचे असेल, तर बांधताक्षणी सर्व कारभार ठप्प झाला पाहिजे. तो ठप्प होतो, म्हणून त्या फिरतात! पुढच्याच वर्षी सिल्व्हरमन आणि सायमन यांनी प्रत्यक्ष दाखला दिला. त्यांनी प्रतिपिंडांच्या साहाय्याने कशाभिकेचे बूड काचेला चिकटविले, तेव्हा ते बूड फिरेना. त्याऐवजी जीवाणूचा सबंध देहच त्याभोवती गरगरा फिरू लागला, आणि देह साध्या सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसत असल्यामुळे वादाला जागा उरली नाही.

जीवाणूच्या जगात चाक का उपयोगी पडावे, हे एडवर्ड पर्सेल या पदार्थवैज्ञानिकाने १९७६ सालच्या एका व्याख्यानात सुंदर रीतीने उलगडले. सुमारे दोन मायक्रॉन लांबीच्या ई. कोलाय या जीवाणूला पाणी म्हणजे आपल्याला काकवीत बुडविल्यासारखे. तेथे जडत्वाला किंमत नाही. चालना थांबली की तो अणूच्या रुंदीहूनही कमी अंतरात उभा राहतो. वल्हे जसे पुढे नेले तसेच मागे आणले, तर जीव होता त्याच जागी परत येतो. मळसूत्र मात्र एकाच दिशेने फिरत राहून सतत पुढे रेटते. एवढ्या दाट वातावरणातही तो सेकंदाला वीस-तीस मायक्रॉन, म्हणजे देहाच्या दहापट अंतर काटतो.

कशाभिकेच्या मुळाशी असलेल्या या चाकाचा व्यास सुमारे ४५ नॅनोमीटर. पेशीच्या पटलात ते रोवलेले असते, सभोवती स्टेटरची, म्हणजे यंत्राच्या स्थिर भागाची, प्रथिने तैनात असतात, आणि बाहेरचे प्रोटॉन त्यांतून आत शिरताना जी ऊर्जा मिळते तिच्यावर ते सेकंदाला शंभर किंवा त्याहून अधिक फेरे घेते. (समुद्रातील काही जीवाणू प्रोटॉनऐवजी सोडियमवर काम भागवितात.) घड्याळाच्या उलट दिशेने फिरताना कशाभिकांची एक जुडी होते आणि जीवाणू सरळ धावतो, दिशा पालटली की जुडी विसकटते, तो क्षणभर गडबडतो आणि भलत्याच दिशेला तोंड करून पुन्हा निघतो. वाट अन्नाच्या बाजूची असेल तर ही पालट विलंबाने होते. आणि एवढ्याच युक्तीवर तो अन्नापर्यंत पोचतो. कशाभिकेची वाढही नवलाची आहे: ती केसासारखी मुळाशी वाढत नाही, प्रथिनाचे कण तिच्याच पोकळीतून दूरच्या टोकापर्यंत जातात आणि तेथे रचले जातात.

आपल्या वर्गांत जीवाणूची आकृती काढवून घेतात, शेपटीला नाव देववितात आणि गुण देऊन प्रकरण बरखास्त करतात. माझी आपणां सर्वांस विनंती अशी की, या वर्षी निदान एकदा गवत भिजवून ठेवलेल्या जुन्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा, नुसते थरथरणारे कण कोणते आणि स्वतःच्या बळावर धावणारे जीव कोणते हे मुलांनाच ओळखू द्यावे, आणि शेपटी फिरते की लहरते हे सिद्ध कसे करावे, असा प्रश्न त्यांना पुस्तक उघडण्यापूर्वी विचारावा.