गोंदियाकरांच्या वतीने स्वागत



नाशवंत माल वाटेत किती तापला हे मोजणाऱ्यांच्या परिषदेला समितीने स्वागताध्यक्ष नेमला तो तांदळाचा व्यापारी! तांदळाला बर्फ लागत नाही. उलट जुना झाला की भाव चढतो. पण पाहुण्यांना नाही म्हणणे गोंदियाच्या स्वभावात नाही.

आमचा जिल्हा तरुण, १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला. शहर मात्र रेल्वेने वाढवले. मुंबई-हावडा मार्गावरचे जंक्शन, विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे निघालेली छोटी गाडी, भातगिरण्या, मनोहरभाई पटेलांनी उभ्या केलेल्या शिक्षणसंस्था... आता आवरा, अशी चिठ्ठी कार्यवाहांनी पुढे सरकवली आहे. पण कोलू पाटलांविषयी बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधल्या वाटा मातीच्या पाळीने अडवून नवेगावबांधचा तलाव बांधला. सिमेंट नाही, सरकारी मंजुरी नाही. पाणी आजही आहे. भोवतीच्या सात बहिणींनी, म्हणजे डोंगरांवरच्या देवींनी, त्यांना हात दिला असे लोक सांगतात. लोकांनी पाटलांनाही कोलासूर देव करून पाळीवर बसवले. आमच्या शहरात चौकाचौकांत पुतळे आहेत. ज्याच्या पाण्यावर शेते पिकली त्याचे नाव मात्र शाळकरी पोरांना विचारून पाहा!

परिषदेशी याचा संबंध? मासोळी. तलावांतली रोहू, कतला, मरळ पहाटे ढिवर बांधवांच्या जाळ्यात येते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाकडे जातो आणि बर्फ कमी पडला तर नागपूर येईपर्यंत कल्ल्यांचा लाल रंग उतरतो. वितळता बर्फ शून्य अंशावरच राहतो, त्यामुळे थरांत बर्फ शिल्लक असला की माल राखला गेला, हे त्यांना यंत्राविना कळते. पण वाटेत बर्फ संपला आणि बाजाराच्या दारात कोणी नवा टाकला, तर घेणाऱ्याला काय कळणार? मधल्या तासांची चुगली करते ते तुमचे खोक्यातले नोंदयंत्र. माझ्यासारख्या अडाण्याला या विषयातले एवढेच समजले.

आता व्यवस्थेबद्दल. सभागृहातला गारवा मागच्या रांगांपर्यंत पोहोचत नाही. तापमापके आपल्याकडेच आहेत, आकडे कृपया इतिवृत्तात घालू नयेत. एका खोलीत तिघांना राहावे लागते आहे. वीज गेल्यास जनित्र आहे, ते सुरू होईपर्यंत सांभाळून घ्या. गिरणीवाल्यांनी तांदूळ दिला, बर्फ कारखानदारांनी बर्फ, मच्छीमार सहकारी संस्थांनी मासोळी, महाविद्यालयाने वसतिगृह, मंडपवाल्यांनी उधारी. सर्वांचे आभार. देणगीदारांच्या फलकावर कोणाचे नाव राहिले असल्यास आजच सांगावे, पेंटर संध्याकाळपर्यंत इथेच आहे.

शेवटी एक विनंती. उद्या सकाळी नवेगावबांधला बस जाणार आहे. पाळीवर मच्छीमार संस्थेची माणसे भेटतील. त्यांना परवडेल असे नोंदयंत्र ज्यांच्याकडे असेल, त्यांनी इथे भाषणाला नाव देण्याआधी त्या बसमध्ये जागा धरावी.