वस्ताद आणि प्रेक्षकांचा धीर

नांदेड जिल्ह्यांतील लोहा तालुक्यांत माळेगांव येथें मार्गशीर्ष महिन्यांत खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोड्यांच्या बाजाराकरितां तिचें नांव दूरवर गेलेलें आहे. तथापि आसपासच्या खेड्यांतील पुष्कळ लोक तेथें जातात ते कुस्त्यांची दंगल पाहण्यासाठीं. हलगी कडाडूं लागते, फेटेवाल्यांचें कडें दाट होत जातें, आणि एखाद्या गांवचा लाडका गडी पांच मिनिटांत पाठीवर येतो. त्या गांवच्या मंडळींचे चेहरे उतरतात. "पटाला गेला तेथेंच चुकला," असें एक जण म्हणतो. "अजून कोंवळा आहे, दोन वर्षें जाऊं द्या," असें दुसरा म्हणतो. वस्ताद बदला, असें मात्र कोणी म्हणत नाहीं. तो वस्ताद फडाच्या कडेलाच उभा असतो. पोराच्या पाठीची माती तो हातानें झाडतो आणि त्याला घेऊन गर्दींतून निघून जातो.

हाच शौकीन घरीं परतल्यावर क्रिकेटचें वृत्त ऐकतो. भारतीय संघ परदेशांत कोठें तरी हरलेला असतो. अंगावरची यात्रेची धूळ झटकण्यापूर्वींच त्याच्या तोंडून पहिलें वाक्य निघतें तें असें, "त्या प्रशिक्षकाला आधीं घरीं बसवा!" ज्या माणसानें दुपारीं पोराला दोन वर्षें दिलीं, तो संध्याकाळीं प्रशिक्षकाला दोन सामने देण्यास तयार नसतो. एकाच माणसाच्या अंगीं हे दोन प्रकारचे धीर कसे नांदतात, हा प्रश्न थोडा विचार करण्यासारखा आहे.

कुस्ती हा आपला खेळ आणि क्रिकेट परका, हें उत्तर पुरेसें नाहीं. क्रिकेट आतां खेडोपाडींहि परकें राहिलेलें नाहीं. खरें कारण असें दिसतें कीं, तालमींतील वस्तादाचें काम गांवाच्या डोळ्यांपुढें चालतें. पहांटे जोरबैठकांचा दमदार आवाज रस्त्यावर ऐकूं येतो. हौद्यांतील माती खणून तींत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ केलेली शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं पाहिलेली असते. पोराच्या खुराकासाठीं कोणत्या बापानें म्हैस घेतली, कोणी जमिनीचा तुकडा गहाण ठेवला, कोणाचा गुडघा दुखावला आणि वस्तादानें त्याला किती महिने हौद्यांत उतरूं दिलें नाहीं, हें सारें त्यांना ठाऊक असतें. काम किती आहे हें ज्याला दिसतें, त्याला त्याला लागणारा काळहि उमगतो. मोठ्या संघाच्या प्रशिक्षकाचें काम असें कोणाच्या नजरेस पडत नाहीं. लोकांपुढें येतो तो केवळ धांवफलक. शाळामास्तरांना हा अनुभव नवा नाहीं. वर्षभर वर्गांत काय चाललें आहे हें पाहण्यास कोणी येत नाहीं. निकालाचा तक्ता लागला म्हणजे मात्र साऱ्या गांवाला शिक्षणशास्त्र समजूं लागतें.

लातूर जिल्ह्याला वस्तादाच्या कामाची ही सावकाश गति चांगली परिचयाची आहे. निलंगा तालुक्यांतील रामलिंग मुदगड या गांवचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ सालीं महाराष्ट्र केसरी झाले. तें अधिवेशन लातुरांतच भरलें होतें. लातूर त्या वेळीं उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडत असे. स्वतंत्र जिल्हा पुढें १९८२ सालीं झाला. १९७० सालीं एडिंबरो येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें, १९७२ मध्यें रुस्तुम-ए-हिंद हा किताब घेतला, आणि पुढें बेळगांवच्या मैदानांत दिल्लीच्या सतपालवर त्यांनीं मिळविलेल्या विजयाची आठवण जुने शौकीन वारंवार काढीत. एवढें झाल्यावर माणसानें मानपान घेत बसावें. परंतु हे पुण्यास गोकुळ वस्ताद तालमींत दुसऱ्यांचीं पोरें घडवीत राहिले. सर्वजण त्यांना 'मामा' म्हणत. मराठवाड्यांतून कोरडवाहू शेतकऱ्यांचीं मुलें वळकटी घेऊन त्यांच्याकडे येत. त्यांपैकीं बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचा एक मुलगा होता, राहुल आवारे. त्याची हकीकत पुढें येईल. कुस्तीच्या हकीकती अशाच असतात. त्यांचा शेवट ऐकण्यासाठीं थांबावें लागतें.

दरम्यान क्रिकेटकडे वळूं. अजित वाडेकर यांना लोकांच्या प्रेमाची आणि रागाची जितकी झळ लागली, तितकी क्वचितच कोणा मराठी खेळाडूला लागली असेल. १९७१ सालीं त्यांच्या नेतृत्वाखालीं भारतानें प्रथम वेस्ट इंडीजमध्यें आणि नंतर इंग्लंडमध्यें मालिका जिंकली. मुंबईनें त्यांना डोक्यावर घेतलें. इंदुरांत त्या विजयाचें स्मारक म्हणून एक प्रचंड बॅट उभारण्यांत आली. तीन वर्षांनीं, १९७४ सालीं, इंग्लंडांत तिन्ही कसोटी सामने भारत हरला, लॉर्ड्सवर तर अवघा संघ ४२ धांवांत गारद झाला. आणि वाडेकरांच्या मुंबईंतील घरावर दगड पडले, इंदुरांतील बॅटीला काळें फांसलें गेलें. निवड समितीनें पश्चिम विभागाच्या संघांतूनहि त्यांना वगळलें. तेव्हां त्यांनीं खेळच सोडला. ज्या माणसानें हें सर्व भोगलें, तो पुन्हां त्या आगींत हात घालणार नाहीं असेंच कोणालाहि वाटलें असतें.

परंतु १९९२ सालीं वाडेकर भारतीय संघाचे क्रिकेट व्यवस्थापक झाले. आज ज्याला प्रशिक्षक म्हणतात, तेंच जवळजवळ तें पद. आरंभ बरा झाला नाहीं. दक्षिण आफ्रिकेंत कसोटी मालिका ०-१ अशी गेली आणि एकदिवसीय सामने ५-२ असे गेले. कर्णधार अझरुद्दीन यांना काढा, ही ओरड देशभर झाली, आणि व्यवस्थापकाविषयींहि लोक फारसें चांगलें बोलत नव्हते. नियामक मंडळानें दोघांनाहि ठेवलें. तें शहाणपणानें ठेवलें कीं दुसरें कोणी तयार नव्हतें म्हणून ठेवलें, हा वाद बाजूस ठेवूं. वाडेकरांनीं आपल्या खेळपट्ट्या आणि आपलीं माणसें यांचा हिशेब मांडला. कुंबळे, राजू आणि चौहान असे तीन फिरकी गोलंदाज त्यांनीं एकत्र खेळविले, आणि १९९३ च्या आरंभीं कलकत्ता, मद्रास व मुंबई या तिन्ही कसोटी सामन्यांत इंग्लंडचा पराभव झाला. कुंबळे यांनीं एकट्यानें २१ बळी घेतले. आफ्रिकेहून संघ परतल्यानंतर अवघ्या कांहीं आठवड्यांतील ही गोष्ट आहे! तेवढ्यांत ओरड करणाऱ्यांचें म्हणणें ऐकलें गेलें असतें, तर त्या योजनेला दिवसच पाहावयास मिळाला नसता.

प्रेक्षकांना यावरून कांहीं उमजलें असें म्हणवत नाहीं. १३ मार्च १९९६ रोजीं कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. श्रीलंकेच्या २५१ धांवांना उत्तर देतांना भारताचा डाव १ बाद ९८ वरून ८ बाद १२० असा कोसळला. लोकांनीं मैदानावर बाटल्या फेंकल्या, बसण्याच्या जागांना आगी लावल्या, आणि पंचाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनीं सामना श्रीलंकेला बहाल केला. संघाबरोबर तेव्हांहि वाडेकरच होते. त्या स्पर्धेनंतर ते पदावरून गेले. एकाच माणसाच्या वाट्याला घरावरचे दगड आणि मैदानावरच्या बाटल्या दोन्ही आल्या. पी हळद आणि हो गोरी, ही म्हण आपल्याकडे बायकांच्या तोंडीं असते; पुरुषांच्या खेळांत ती अधिक शोभून दिसते.

नांदेडला हॉकीचें प्रेम जुनें आहे. तेथें गुरु गोविंदसिंगजींच्या नांवानें अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते आणि देशांतील नामांकित संघ येऊन खेळतात. त्या मैदानाच्या कडेला बसणाऱ्यांना २००८ सालचा मार्च महिना विसरतां येणार नाहीं. चिली देशांतील सांतियागो येथें ग्रेट ब्रिटननें भारताला २-० असें हरविलें, आणि १९२८ पासून एकाहि ऑलिंपिकला न चुकलेला भारतीय संघ प्रथमच बाहेर राहिला. मुंबईचे जोकीम कार्व्हालो प्रशिक्षक होते. त्यांनीं राजीनामा दिला. सहाच महिन्यांपूर्वीं, २००७ च्या सप्टेंबरांत, त्याच कार्व्हालोंच्या संघानें मद्रासेस आशिया चषक जिंकतांना अंतिम सामन्यांत कोरियावर सात गोल केले होते. सहा महिन्यांत माणूस शहाण्याचा मूर्ख होत नाहीं. कुजलेलें होतें तें वर्षानुवर्षांचें होतें. परंतु त्या दिवशीं दाराशीं उभा असलेला माणूस हाती लागला.

येथपर्यंत ऐकून कुस्तीशौकिनांची पाठ थोपटावी असें कोणाला वाटेल. तें मात्र थोडें घाईचें होईल. खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविलें. त्यानंतर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत महाराष्ट्राच्या एकाहि मल्लाला कुस्तींत ऑलिंपिक पदक मिळालेलें नाहीं. जगाची कुस्ती गादीवर होते. तेथें तीन मिनिटांचे दोन डाव, क्षणाक्षणाला गुण, आणि मान वळेपर्यंत निकाल! आपल्याकडे मात्र यात्रेंतील इनाम लाल मातीवर मिळतें, आणि तेथें दम टिकवून, जोडीदाराला थकवून, चीत करण्याची रीत. पोरगा जिकडे पोट भरतें तिकडे जाणार. त्याला दोष देतां येत नाहीं. परंतु मातींतील निकाली कुस्तीवर खूष होऊन टाळ्या पिटणाऱ्या शौकिनानें आपल्या वस्तादाला कधीं विचारलें काय, कीं तालमींत गादी केव्हां येणार? चाळीस-पन्नास वर्षें तो प्रश्न फारसा कोणी विचारला नाहीं. याला धीर म्हणणें कठीण आहे. ही संवय झाली.

क्रिकेटमध्येंहि असाच एक कोपरा आहे. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे ज्याच्या मुलखांत येतात, त्या महाराष्ट्राच्या संघानें प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखालीं १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला. पुढें १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या सालीं तो अंतिम सामन्यापर्यंत जाऊन रित्या हातानें परतला. त्याच्या प्रशिक्षकाच्या घरावर कोणी दगड मारल्याचें ऐकिवांत नाहीं. कारण तो कोण आहे हेंच शंभरांतील नव्वद जणांना सांगतां येत नाहीं. लातुरांतील मुलगा भारताच्या पराभवानें जेवणाचें ताट दूर लोटतो, आणि आपल्याच संघाचा सामना कोठें चालू आहे याची त्याला वार्ता नसते. अशा ठिकाणीं थोडा राग आला असता तर बरें झालें असतें.

गादीचा प्रश्न ज्यांनीं स्वतःच स्वतःला विचारला, त्यांत बिराजदारांचा एक शिष्य होता. लातूर जिल्ह्यांतलेच काका पवार. त्यांनीं ग्रीको-रोमन हा प्रकार धरला. त्यांत कमरेखालीं हात लावतां येत नाहीं. म्हणजे आपल्या शौकिनांना अतिशय प्रिय असलेला पट काढणें तेथें बंद. यात्रेंत या कुस्तीला कोण विचारणार? तरी ते त्याच वाटेनें गेले आणि १९९८ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. नंतर पुण्याजवळ कात्रज येथें त्यांनीं स्वतःचें कुस्ती संकुल उभारलें.

बिराजदार मामा २०११ सालीं वारले. राहुल आवारे तेव्हां उमेदींत होता, पण ज्याची वाट पाहिली जात होती तें घडलें नव्हतें. तो काका पवारांकडे गेला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला ५७ किलो वजनगटांत भारताची जागा संदीप तोमर याला मिळाली आणि राहुल मागें राहिला. त्या वेळीं मराठवाड्यांत संताप झाला. परंतु तो निवडीवर झाला, वस्तादावर नव्हे. पवारांनीं त्याला तयारींतून मोकळें केलें नाहीं, आणि त्यानेंहि तालीम सोडली नाहीं. एप्रिल २०१८ मध्यें ऑस्ट्रेलियांतील गोल्ड कोस्ट येथें कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असें हरवून तो राष्ट्रकुल स्पर्धेचा विजेता झाला. एडिंबरोला गुरूनें जें मिळविलें होतें, तेंच अठ्ठेचाळीस वर्षांनीं शिष्यानें मिळविलें, आणि तें पदक त्यानें मामांच्या स्मृतीला अर्पण केलें. ज्यांनीं पेरलें ते पाहण्यास नव्हते. पुढच्याच वर्षीं नूर-सुलतान येथील जागतिक स्पर्धेंत ६१ किलो गटांत त्यानें कांस्यपदक मिळविलें; तें तर गादीवरच्या साऱ्या जगाशीं झगडून.

जानेवारी २०२० मध्यें पुण्याच्या बालेवाडींत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती लागली, तेव्हां लातूरकरांची मोठी चमत्कारिक स्थिति झाली. एका बाजूला लातूरचा शैलेश शेळके, दुसऱ्या बाजूला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर. आणि दोघेहि काका पवारांचेच पठ्ठे. गदा लातुरास यावी ही इच्छा तर होतीच. पण हार झाली तर कोणाच्या नांवानें बोटें मोडावयाचीं? लातूरच्याच वस्तादानें लातूरच्या मल्लाविरुद्ध एक गडी तयार करून ठेवला होता. कुस्ती अटीतटीची झाली. सदगीर ३-२ असा, अवघ्या एका गुणानें, जिंकला. जिंकतांच त्यानें शेळकेला उचलून आपल्या खांद्यावर घेतलें आणि तसाच तो मैदानांत फिरला. त्या रात्रीं दोघांनाहि परत जावयाचें होतें तें कात्रजच्या एकाच तालमींत.