हृदयाचा प्रश्न कोण विचारणार?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



हृदयविकार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर छाती धरून बसलेला पुरुष येतो. प्रत्यक्षात जगभरात बायकांचे सर्वाधिक मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनीच होतात. तरी वस्तीतली बाई दम लागतो, जबडा दुखतो, मळमळतं म्हणाली, की तिला ‘ॲसिडिटी’ची नाहीतर ‘टेन्शन’ची गोळी मिळते.

हे अज्ञान आभाळातून पडलेलं नाही. ॲस्पिरिनने हृदयविकाराचा झटका टळतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत १९८० च्या दशकात २२,०७१ डॉक्टरांवर अभ्यास झाला. सगळे पुरुष! १९९१ मध्ये डॉ. बर्नडीन हीली यांनी हृदयरुग्ण स्त्रियांबाबतच्या दुजाभावावर जाहीर लिहिलं. त्या तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या स्त्री प्रमुख. १९९३ मध्ये कायदा झाला, की या संस्थेच्या पैशावर चालणाऱ्या चाचण्यांत स्त्रिया हव्यातच.

कायद्याने बाई चाचणीत आली. पण संशोधनाचे प्रश्न ठरवणाऱ्यांत ती कशी येणार? तिथे जायची वाट पीएच.डी.नंतरच्या उमेदवारीतून, म्हणजे ‘पोस्टडॉक’मधून जाते. मी ती अमेरिकेत केली.

तिथे १९७४ च्या कायद्यानुसार सरकार विद्यापीठांना प्रशिक्षण-अनुदान देतं. हृदयसंशोधनासाठी ते राष्ट्रीय हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्था देते. तरुण शास्त्रज्ञ दोन-तीन वर्षं ज्येष्ठांच्या हाताखाली प्रयोग शिकतात, अनुदानाचे अर्ज लिहायला शिकतात, पुढे स्वतःची प्रयोगशाळा उभारतात. योजना चांगलीच आहे. पण ती तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी. तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या माझ्यासारख्या बायका प्राध्यापकाच्या प्रकल्पाच्या पैशावर राहतात. नोकरी, तिच्यावर टिकलेला व्हिसा आणि शिफारसपत्र, तिन्ही एकाच माणसाच्या हाती.

आणि ज्यांना ही योजना मिळते, त्यांना तरी पगार कुठे मिळतो? मिळतो ‘स्टायपेंड’. नियमच सांगतो, हे वेतन नव्हे. ओळखीचं वाटतं ना? अंगणवाडी सेविकेला पगार नाही, ‘मानधन’ का, हे आपण मोर्च्यांमधून किती वर्षं विचारतो आहोत!

आमच्या प्रयोगशाळेत उंदीरसुद्धा नरच वापरत. मादीचं चार-पाच दिवसांचं चक्र आकडे बिघडवतं, हे कारण. म्हणजे विटाळ तिथेही होताच, फक्त पांढऱ्या कोटातला. माझ्याबरोबरच्या एका पोस्टडॉकने विचारलं, “मग औषध बायकांना चालेल हे कशावरून?” उत्तर मिळालं, “आधी हातातला निबंध पुरा कर.” पुढे तिला मूल झालं. दिवसभराच्या पाळणाघराचा खर्च पेलेना. तिने संशोधन सोडलं, आणि तिचा प्रश्नही तिच्याबरोबर घरी गेला. २०१६ पासून तिथल्या अनुदानाच्या अर्जांत नर-मादीचा विचार मांडणं आवश्यक झालं. २०२१ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीधारकांना मुलांच्या सांभाळासाठी वर्षाला २,५०० डॉलर मिळू लागले. हे तिला आधीच मिळालं असतं तर?

पोस्टडॉकची वर्षं आणि बाळंतपणाची वर्षं एकच असतात. हा योगायोग एकेका बाईने आपल्या हिमतीवर निभवायचा, असं धरलं जातं. मी म्हणते, हा कामाच्या अटींचा प्रश्न आहे. आपल्याकडेही हृदयसंशोधकांच्या प्रशिक्षणाचा विचार करताना चार गोष्टी मागायला हव्यात. उमेदवारीला वेतनाचा आणि बाळंतपणाच्या रजेचा हक्क. संस्थेत पाळणाघर. खंड पडलेल्या बाईला परतीची वाट. आणि मार्गदर्शकाच्या दबावापासून मोकळी तक्रार-यंत्रणा.

‘हे शिकलेल्या बायकांचं दुखणं, आपला काय संबंध?’ असं कुणी म्हणेल. संबंध सरळ आहे. प्रश्न विचारणारी टिकली, तरच वस्तीतल्या बाईच्या दम लागण्याचं कारण कुणीतरी शोधेल. म्हणून आरोग्याच्या मागण्यांची यादी कराल, तेव्हा औषधं आणि दवाखान्याखाली हीही एक ओळ लिहा.