शिकणाऱ्या प्रौढाला हसू नये
पन्नाशी उलटल्यावर नवे काही शिकता येते का, हा प्रश्न श्रोते पुन्हा पुन्हा विचारतात. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२८ मध्येच दाखवून दिले होते की, वय वाढते तसा शिकण्याचा वेग हळूहळू मंदावतो, पण शिकण्याची क्षमता नाहीशी होत नाही. तरीही प्रौढ माणूस शिकण्यापासून मागे सरतो, आणि त्याची कारणे शिक्षणतज्ज्ञ पॅट्रिशिया क्रॉस यांनी १९८१ मध्ये तीन गटांत मांडली.

पहिला गट परिस्थितिजन्य अडथळ्यांचा, म्हणजे वेळ, पैसा व संसाराचा भार यांचा. दुसरा संस्थात्मक अडथळ्यांचा, म्हणजे वर्गाची गैरसोयीची वेळ आणि किचकट अर्ज यांचा. या दोहोंवर सायंवर्ग व दूरशिक्षण हे उपाय आहेत. तिसरा अडथळा मनोवृत्तीचा, म्हणजे ‘आपल्याला आता हे जमणार नाही’ या समजुतीचा. आणि ही समजूत बहुधा घरातच पोसली जाते.

म्हणून आग्रहाने सांगावयाचे ते हेच, की शिकणाऱ्या प्रौढाला हसू नये. सासूबाई मोबाइलवरून वीजबिल भरू पाहत असताना ‘राहू द्या, तुम्हाला नाही जमायचे’ असे म्हणून तो हातातून काढून घेणे, ही मदत नसून शिक्षणबंदी आहे. त्याच घरात नातवाला पाढा चुकला तर दहा वेळा म्हणवून घेतला जातो. मग आजीच्या दुसऱ्या चुकीलाच एवढी घाई कशाची? हसू नये, चिडू नये, आणि हातातले काम तर मुळीच हिसकावून घेऊ नये, कारण एकदा ओशाळलेला प्रौढ पुन्हा विचारावयास येत नाही.

ज्या समाजांनी ही लाज ओळखली, तेथे प्रौढशिक्षण रुजले. डेन्मार्कमध्ये ग्रुंटविग या विचारवंताच्या कल्पनेतून १८४४ मध्ये सुरू झालेल्या लोकविद्यालयांनी परीक्षाच ठेवल्या नाहीत. स्वीडनमध्ये अभ्यासमंडळे, म्हणजे काही जणांनी एकत्र बसून चर्चेतून शिकण्याचे छोटे गट, वाढली. महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये श्रमिकांसाठी रात्रशाळा चालवली, आणि मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात २०१६ पासून आजीबाई गुलाबी लुगडे नेसून शाळेत जाऊ लागल्या. एकटीला वाटणारा संकोच अशा सोबतीने ओसरतो.

तेव्हा श्रोत्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना काय शिकावेसे वाटते ते विचारावे, शेजारी बसावे, आणि चूक त्यांची त्यांना सुधारू द्यावी.