गोधडीचा हिशेब

आमच्या पारधी वस्तीवरच्या बायांनी पहिली गोधडी ७०० रुपयांना विकली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, ७०० सुटले. मी वहीत मांडलं: कापड-दोरा २५०, एस.टी. भाडं १००, दोघींचे चार-चार दिवस. म्हणजे आठ दिवसांची मजुरी ३५०! लूक १४:२८ मधला बुरूज बांधणारा आधी बसून खर्च मोजतो. आम्ही विकल्यावर मोजला.

आता किंमत १,८०० सांगतो (तरी मजुरी कमीच पडते) आणि कापडाचे पैसे आगाऊ घेतो. मुद्रा योजनेत शिशु कर्ज ५०,००० पर्यंत विनातारण मिळतं. पण ऑर्डर हातात नसताना घेऊ नका, असं मी बायांना सांगते. हप्ता थकला की मुकादमाची उचल, आणि दिवाळीनंतर पुन्हा कोयता.