विचारायला आलेल्यांना आपण काय विचारायचं?



आपल्या माण-खटावात, आटपाडी-जतमध्ये कुणी ना कुणी माहिती घ्यायला येतच असतं. कुणाला जात्यावरच्या ओव्या हव्या असतात, कुणाला दुष्काळात घर कसं चालवलं ते, कुणाला गुडघेदुखीवर कोणता पाला बांधता ते. आपण चहा ठेवतो, सांगतो, सही करतो. माणूस जातो. पुढं त्या माहितीचं काय झालं, ते कळत नाही. आज त्यावरच बोलू.

आपण जे देतो त्याचे तीन प्रकार आहेत. तिन्हींना एकच नियम चालत नाही.

पहिलं, गाणं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी आता ‘पारी’च्या संकेतस्थळावर मोबाइलवर ऐकता येतात. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. असंच हवं. नुसतं ‘लोकगीत’ लिहिलं की गाणारी बाई पुसली जाते. आणि आवाज टेपवर गेला की तो माणसामागं उरतो. जर्मनीतल्या हायडलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांकडून बिरोबाच्या ओव्या टेपवर घेतल्या. ते 1992 साली वारले, आणि 2014 साली ती कथा इंग्रजी पुस्तकात आली. म्हणून आवाज देतानाच सांगायचं: माझं नाव लिहा, आणि एक प्रत गावात द्या.

दुसरं, दुःख. कर्ज, नवऱ्याची मारहाण, आजारपण. इथं उलटं, नाव नको. पण शंभर उंबऱ्यांच्या वाडीत नुसतं नाव गाळून भागत नाही. ‘वाडीतली विधवा अंगणवाडी सेविका’ एवढं छापलं तरी सगळ्यांना कळतं कोण ते. संशोधक शहरात परत जातो, बाईला त्याच गल्लीत राहायचं असतं. म्हणून गावाचं नाव, धंदा, नातं, काय काय बदलणार, हे आधी विचारा.

तिसरं, वाडवडिलांचं ज्ञान. सांगलीच्या हळदीला हे कुणी शिकवायला नको. 1995 साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं! आपल्या देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं जुन्या ग्रंथांचे दाखले दिले, तेव्हा 1997 साली ते रद्द झालं. आजीचं तोंडी सांगणं तिथं पुरलं नसतं, कागद लागला. म्हणजे नोंद हवीच. पण ती गावाच्या हातात हवी.

त्यासाठी 2002 चा जैवविविधता कायदा आहे. त्याखाली गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि गावातली झाडं, बियाणं, औषधी पाला यांची लोक जैवविविधता नोंदवही तिनं गावकऱ्यांना विचारून करायची असते. समितीत निदान एक तृतीयांश बायका हव्यात, असं केंद्राच्या 2004 च्या नियमांत लिहिलं. आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारा: समितीवर कोण बायका आहेत? वही कुठं आहे? पाल्याचं ज्ञान एकटीचं नसतं. ते द्यायचं का, हे एकटीच्या सहीवर ठरू नये. ते गटानं, गावानं बसून ठरवावं.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेतल्या हवासुपाई या आदिवासींनी 1990 नंतर मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. ते त्यांना न विचारता दुसऱ्याच अभ्यासांना वापरलं गेलं. ते कोर्टात गेले. 2010 साली तडजोड झाली: 7 लाख डॉलर भरपाई आणि उरलेले नमुने परत. धडा एवढाच, की एका कामासाठी दिलेली परवानगी म्हणजे सगळ्या कामांसाठी नव्हे.

तेव्हा माहिती घ्यायला कुणी आलं की एवढं विचारा. तुम्ही कुठून आलात, ओळखपत्र दाखवा. माहिती कशासाठी हवी? रेकॉर्डिंग कुठं ठेवणार, कोण ऐकणार? दुसऱ्या कामाला लागली तर परत विचारणार का? माझं मन बदललं तर काढून टाकाल का? काम झाल्यावर गावात येऊन काय सापडलं ते मराठीत सांगाल का? सहीचा कागद आधी मोठ्यानं वाचून घ्या, एक प्रत ठेवून घ्या.

जनगणना वेगळी. तिला उत्तर देणं कायद्यानं बंधनकारक आहे. संशोधनाचं तसं नाही. सोबत ग्रामसेवक किंवा सरपंच आले म्हणून नकार देता येत नाही, असं नाही. नाही म्हटलं म्हणून रेशन किंवा गटाचं कर्ज कुणाला अडवता येत नाही.

चांगला संशोधक या प्रश्नांनी चिडत नाही. त्याचंही काम त्यानं पक्कं होतं.

गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. हे प्रश्न इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा, खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. पुढच्या वेळी दारात कुणी वही-पेन घेऊन उभं राहिलं, की आधी आपली वही काढा.